पाठचा भाऊ

तीन वर्षं बटाटा माझा वैरी होता,
आणि मी राहते बटाट्यांच्या मुलखात,
पुनो गावी, तळ्याच्या काठावर,
जिथे बाजारातल्या बाया बटाट्याला नावानं हाक मारतात.
काळा, जांभळा, मांजराच्या पंजासारखा,
आणि एक गाठीगाठींचा, सोलता सोलत नाही,
त्याचं नावच ‘सुनेला रडवणारा’.

मी फोडी रात्रभर भिजवायची,
पाणी फेकायची, उकडायची, पुन्हा पाणी फेकायची.
उरेल त्याला बटाटा म्हणायचं
ते केवळ जुन्या ओळखीखातर.
तहान लागली की बर्फाचा एक खडा,
तोही मोजून.
सोमवार, बुधवार, शुक्रवार यंत्राशेजारी.
खिडकीतून तळं दिसायचं. एवढं पाणी!

मग हिपोलितो आला.
माझ्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेला,
डोंगरावर सात गाई राखणारा, पाठचा भाऊ.
डॉक्टरांनी त्याचं मूत्रपिंड पाठीत नाही बसवलं,
पुढे, ओटीपोटात, उजव्या कुशीत.
पाठचा भाऊ असा पोटाशी आला.

आणि भूक आली.
गोळ्यांची भूक, रात्री दोनची,
दार न ठोठावता घरात शिरणारी.
मी अंधारात चूल पेटवून
पातेल्यातूनच खाल्लं, उभ्यानं,
भात, मका, तळलेला पाव, कालचं, परवाचं.
तोंड टम्म फुगलं. नऊ किलो.
रक्तात साखर उतरली.

आहारतज्ज्ञ नोएमी रागावली नाही.
तिनं पेन्सिलीनं आकड्याभोवती गोल काढला.
म्हणाली, मरणाची भीती उठून गेली
की माणसं जेवायला बसतात, एर्लिंदा,
आणि उठायचंच विसरतात.
मग यादी. ती मी चुलीच्या वर चिकटवली.
वाफेनं शाई पसरली, तरी वाचता येते.
पाणी आता तीन लिटर, तहान नसली तरी.
पाला तीनदा धुवायचा. ग्रेपफ्रूट नाही.
कच्चा मासा नाही, कच्च्या दुधाचं काही नाही.
मीठ चिमटीपेक्षा कमी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी न खाल्लेल्या मिठाला जागते आहे.

ऑगस्टात हिपोलितो बसनं उतरला,
काखेत फडक्यात बांधलेलं चीज,
त्याच्या गाईचं, त्याच्या हातचं,
अजून मठ्ठ्याचा थेंब गळत होता.
मी म्हटलं, मला चालत नाही.
तो बघत राहिला.
मग म्हणाला, माझं मूत्रपिंड चालतं
आणि माझं चीज चालत नाही?

मला हसूही आलं आणि रडूही.
कसं सांगू, की घरात पाहुणा आहे
आणि पहारेकऱ्यांना मीच झोपेच्या गोळ्या घातल्या आहेत,
पाहुण्यावर हात टाकू नये म्हणून.
आता रस्त्यावरचा कुठलाही चोर आत शिरेल,
तुझ्या गाईच्या सडावरून आलेलासुद्धा.
एवढं काही बोलले नाही.
पातेलं चढवलं.
बटाटे टाकले, सालासकट, न भिजवता,
एक सुनेला रडवणाराही,
आणि त्याचं चीज खळखळत्या रश्शात,
वाफ डोळ्यांत जाईपर्यंत.

त्यानं चव घेतली, मिठाकडे हात नेला.
मग काय आठवलं कुणास ठाऊक,
त्याच्याकडेही आता एकच आहे,
हात तसाच परत आणून मांडीवर ठेवला.
अळणी आहे, म्हणाला.
आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आठ वाजता गजर झाला. मी गोळ्या काढल्या.
त्यानं खुर्ची ओढली, माझ्या कुशीकडे हनुवटी केली,
आणि गोठ्यातल्या गाईबद्दल विचारतो
अगदी त्याच आवाजात विचारलं:
आज पाणी पाजलंस ना त्याला?